जुन्या ट्रॅक्टर आणि वाफेच्या इंजिनांच्या मेळ्यात एका दिवसात नक्की काय बघावं?

तुम्ही विचारलंय की मित्र मेळ्याला चल म्हणून मागे लागलाय, तुम्हाला यंत्रातलं फारसं कळत नाही, हाताशी एकच दिवस आहे, बरोबर आठ वर्षांची मुलगी असणार, आणि गंजक्या लोखंडाच्या रांगांपलीकडे तिथे काही असतं का. असतं हो, भरपूर असतं, फक्त ते रांगांमध्ये नसतं. मी गेली नऊ वर्षं जातेय, त्यातली चार वर्षं मळणीच्या टोळीत पेंढ्या टाकायला असते, त्यामुळे जे सांगतेय ते जवळून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी म्हणजे सकाळी लवकर जा. बहुतेक लोक अकराला येतात, तोवर इंजिनं तापून तयार असतात आणि बघण्यासारखं अर्धं होऊन गेलेलं असतं. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला दोन-तीन तास सहज जातात, मोठं धूड असेल तर जास्तच. इंजिनवाला आला की काडी पेटवत नाही, आधी बॉयलरच्या अंगावरच्या काचेच्या नळीत पाणी कुठवर आहे ते बघतो, आणि नळीत दिसलं म्हणून विश्वासही ठेवत नाही कारण नळीची वाट गाळाने बंद झाली तर ती खोटी पातळी दाखवते, म्हणून बाजूला तीन छोटे नळ वरखाली बसवलेले असतात ते एकेक उघडून खात्री करतो. मग बारीक लाकडं, मग जाड ओंडके किंवा कोळसा. वाफेच्या दाबाचा काटा शंभर पौंडाच्या पुढे सरकला की निघायची तयारी, पण निघण्याआधी सिलेंडरखालच्या तोट्या उघडतात आणि दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ, गरम पाणी फसाफस बाहेर पडतं. लोकांना वाटतं हा देखावा आहे. तसं नाही, रात्रभरच्या थंड सिलेंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी काही दाबलं जात नाही, ते आत राहिलं आणि पिस्टन त्याच्यावर आदळला तर सिलेंडरचं झाकणच फुटतं. मुलीला तेवढा वेळ चार पावलं मागे उभं करा. तेव्हाच तो वासही येतो, तापलेल्या वंगणाचा, जरा चरबीसारखा, कारण वाफेच्या सिलेंडरसाठीच्या तेलात खरंच चरबी मिसळलेली असायची. एकदा नाकात बसला की विसरत नाही.

त्या काचेच्या नळीचं एवढं का सांगतेय ते पण सांगते. आगीच्या डोक्यावर जो पत्रा असतो तो कायम पाण्याखाली राहिला पाहिजे. पाणी उतरलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि फाटतो, आणि आत दाबाखाली असलेल्या पाण्यातलं बरंच एका क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ होताना ते साधारण सोळाशे पट फुगतं. 29 जुलै 2001 ला अमेरिकेत ओहायोमधल्या मेडिनाला जत्रेच्या मैदानावर केस (Case) नावाच्या कंपनीच्या जुन्या इंजिनाचं हेच झालं, 5 माणसं गेली, कित्येक भाजली. त्यानंतर ओहायोत अशा जुन्या बॉयलरची तपासणी आणि चालवणाऱ्याला परवाना असा कायदाच झाला. हे घाबरवायला सांगत नाहीये. बॉयलर तपासलेत का हे तुम्ही खुशाल विचारा, चांगला इंजिनवाला उलट खूश होऊन कागद दाखवतो. आणि तुमच्याशी बोलताना त्याची नजर दर मिनिटाला त्या नळीकडे जात असेल तर समजा माणूस भरवशाचा आहे.

आता मळणी. एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ही बघा, बाकी सगळं सोडा.

इंजिन आणि मळणी यंत्र यांच्यात लांबलचक सपाट पट्टा असतो, शंभर फुटांच्या पुढे, आणि लांब असतो कारण इंजिनातनं ठिणग्या उडतात आणि इकडे सगळं वाळलेलं काड पडलेलं असतं. तो मध्ये एक पीळ देऊन इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा टाकतात, म्हणजे चाकावर त्याची पकड जास्त बसते आणि वाऱ्याने फडफडत नाही. पण खरी गंमत तो पट्टा चढवताना असते. कित्येक टनांचं इंजिन, स्टिअरिंग साखळीने फिरणारं आणि ढिलं, आणि चालवणारा मागे-पुढे बघत निव्वळ नजरेने इंजिनाचं चाक मळणी यंत्राच्या चाकाच्या रेषेत आणतो, पट्टा घातला की इंचाइंचाने मागे सरकतो, पट्टा ताणला जातो, मग चाकांखाली अडसर लावतो. रेषा बोटभर चुकली तरी पट्टा उतरतो. मी एका म्हाताऱ्या बाबांना हे पहिल्या फटक्यात करताना बघितलंय, खाली उतरून त्यांनी पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही, हात पुसत थेट नळीकडे गेले.

मग आम्ही पेंढ्या टाकायला लागतो. पेंढी कणसाकडून आत गेली पाहिजे, एकामागे एक, सारख्या अंतराने. घाई केली किंवा पेंढी आडवी पडली की मळणी यंत्र आतून गुरगुरतं आणि त्याच क्षणी पलीकडे इंजिनाचा आवाज बदलतो, आधी हलकं छुक-छुक चाललेलं असतं ते एकदम जड, खोल होतं, धुराड्यातनं काळा लोट येतो, कारण गव्हर्नरने, म्हणजे इंजिनाचा वेग सारखा ठेवणाऱ्या भागाने, वाफ जास्त सोडलेली असते. माझ्या पहिल्या वर्षी मी तीन पेंढ्या एकदम ढकलल्या होत्या आणि पट्ट्याच्या पलीकडच्या टोकावरनं इंजिनवाल्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, त्याला आवाजावरनं कळलं होतं की नवीन कोणीतरी आलंय. तेव्हा मला समजलं की हे दोन यंत्रं आणि पाच-सात माणसं मिळून एकच काम आहे. पूर्वी आख्खी आळीपाळी चालायची, एक इंजिन आणि एक मळणी यंत्र असायचं, शेजारपाजारचे शेतकरी आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे असं करत सगळ्यांचा गहू काढायचे. भुसा कॉलरमध्ये जातो आणि संध्याकाळपर्यंत टोचतो, पण दुसऱ्या वर्षी परत जावंसं वाटतंच.

तुमचा मेळा इंग्लंडकडचा असेल तर नांगरणीची जोडी इंजिनं आहेत का विचारा, जॉन फाउलरच्या कंपनीची. दोन इंजिनं शेताच्या दोन बांधांवर उभी राहतात, पोटाखाली आडवा ड्रम, त्याच्यावर तारेचा दोर, आणि मधला नांगर ती आळीपाळीने आपल्याकडे ओढतात. इंजिन शेतात उतरतच नाही, एवढ्या वजनाखाली माती दगड झाली असती. नांगर दोन्ही बाजूंनी फाळ असलेला, सी-सॉसारखा, त्यामुळे तो वळवायला लागत नाही, नुसता कलवायचा. एकमेकांना खूण शिट्टीने करतात.

मुलीसाठी छोटी पेट्रोल इंजिनं, ती हमखास कुठेतरी झाडाखाली रांगेत मांडलेली असतात. ही शेतात पंप, कणसं सोलायचं यंत्र वगैरे चालवायची. आवाज असा येतो, ठप्प, मग फुस फुस फुस फुस नुसता श्वास, मग परत ठप्प. मुलं विचारतात बंद पडतंय का, तर नाही, वेग पुरेसा असेल तेव्हा गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात आणि एक खटका धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, त्यामुळे आत ओढ बसत नाही, इंधन येत नाही, चाकं आपल्या जोरावर फिरत राहतात. वेग उतरला की खटका सुटतो आणि एकच स्फोट. तो खटका उघड्यावर, डोळ्यासमोर असतो. मुलीला म्हणावं दोन ठप्पच्या मध्ये किती फुस येतात ते मोज, मग मालकाला थोडं ओझं लावायला सांगा आणि परत मोजायला लावा. तिला गव्हर्नर कळलाच समजा, कोणी न शिकवता.

ट्रॅक्टरच्या रांगा शेवटी बघा, आणि डोळ्यांपेक्षा कानांनी बघा. हिरवा जुना जॉन डिअर लगेच ओळखू येतो, 1960 पर्यंत त्यांचे बहुतेक ट्रॅक्टर आडव्या दोन सिलेंडरचे होते आणि दोन स्फोट लागोपाठ, मग मोकळी जागा, असं चालायचं, पॉप-पॉप, पॉप-पॉप. जर्मन लांझ बुलडॉग (पहिला 1921 चा) एकाच भल्यामोठ्या सिलेंडरचा, त्याचं डोकं आधी ब्लोलँपने (ज्योत फेकणाऱ्या दिव्याने) तापवतात आणि काही मॉडेलांमध्ये स्टिअरिंगचं चाकच दांड्यासकट काढून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकात, खुपसून चालू करतात. रुमली ऑइलपुल दिसला तर पुढच्या उंच चौकोनी टाकीकडे बघा, त्यात पाण्याऐवजी तेल असायचं, तेल जास्त तापू शकतं म्हणून इंजिन गरम राहायचं आणि रॉकेल नीट जळायचं.

फोर्डसन तर असणारच, 1917 पासूनचा, आणि त्याच्या नावामागे गोष्ट आहे. हेन्री फोर्ड ट्रॅक्टर काढेपर्यंत मिनीआपोलिसला दुसऱ्याच एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून फोर्ड ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली होती, म्हणून याचं नाव फोर्डसन. तो दुसरा ट्रॅक्टर इतका रद्दी निघाला की नेब्रास्कातल्या क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने, जो आमदारही होता, 1919 मध्ये कायदाच करून घेतला की तपासल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. 1920 पासून तिथे चाचण्या सुरू झाल्या. फसलेल्या एका गिऱ्हाइकामुळे हे झालं याचा मला अजून आनंद होतो.

माझं वैयक्तिक मत, चकचकीत नवा रंग मारलेल्यांपेक्षा जसं मिळालं तसं ठेवलेलं यंत्र जास्त बघावं. ब्रेकच्या पायरीवर घासलेली जागा, तारेने बांधलेली दुरुस्ती, सीटवर शिवलेलं पोतं. दुसऱ्या महायुद्धात भंगाराच्या मोहिमांमध्ये अशी असंख्य इंजिनं वितळवली गेली, उरली ती कोणीतरी गोठ्यामागे लपवली किंवा विसरला म्हणून. त्यानंतरच्या काळात हे मेळे सुरू झाले, आयोवातल्या माउंट प्लेझंटचा 1950 पासून चालू आहे, इंग्लंडमध्ये डॉर्सेटचा 1969 ला सुरू झाला. यंत्राच्या मागे खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला विचारा "हे तुम्हाला मिळालं कुठे?" बस्स, एवढंच विचारा आणि मग तुमचा अर्धा तास गेला म्हणून समजा.

बाकी किरकोळ. मुलीसाठी आवाज अडवणारे कानावरचे हेडफोन न्या, शिट्टी जवळून भयंकर लागते. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस पट्ट्याजवळ अजिबात नको, दोरीच्या आत पाऊल टाकू नका, आणि पांढरे कपडे घालू नका, काजळीचे ठिपके पडतातच.

आणि जमलं तर संध्याकाळपर्यंत थांबा. मैदान रिकामं होत आलं की सगळी इंजिनं एकदम शिट्ट्या देतात, प्रत्येकीचा सूर वेगळा, जमीन पायाखाली थरथरते. मग आग खाली बसवतात, उद्यासाठी बॉयलरमध्ये पाणी भरतात. इंजिनवाला तेव्हा मोकळा असतो. मुलीला जरा लांबनं बॉयलरसमोर तळहात धरायला सांगा, अंधार पडला तरी ऊब येत असते.