ऑटिस्टिक मुलाची मांटू चाचणी: सुईपेक्षा पुढचे तीन दिवस

घरातल्या व्यक्तीला क्षयरोग निघाल्यामुळे तुमच्या सहा वर्षांच्या मुलाची मांटू चाचणी, म्हणजे क्षयरोगाचा संसर्ग ओळखण्यासाठी त्वचेत टोचून करायची चाचणी, सांगितली आहे, आणि त्या इंजेक्शनातून जंतू अंगात जातात का व तो ते सहन करील का, असे तुम्ही विचारले आहे. माझी मुलगीही ऑटिस्टिक असून तिची ही चाचणी झालेली आहे.

जंतूंची शंका मनातून काढून टाका. या चाचणीत टोचतात ते ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयरोगाच्या जंतूंपासून वेगळी करून शुद्ध केलेली प्रथिने. त्यात जिवंत जंतू नसल्यामुळे त्यातून क्षयरोग होऊच शकत नाही. ही लसही नव्हे.

हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, जेमतेम ०.१ मिलिलिटर द्रव त्वचेच्या थरातच सोडतात, तेव्हा तिथे ६ ते १० मिलिमीटरचा पांढरट फुगवटा उठतो. तो नीट उठला नाही तर पुन्हा टोचावे लागते, म्हणून तेवढे काही क्षण हात स्थिर राहणे महत्त्वाचे. आम्ही आठवडाभर आधीपासून चमच्याच्या दांड्याने त्याच जागी हलकेच दाबून पाच आकडे मोजत असू आणि पाच म्हटले की हात सोडत असू. नर्सबाईंनीही तेच आकडे मोजले आणि मुलगी रडली ती पाचानंतर.

खरी कसोटी त्यापुढची आहे. निकाल ४८ ते ७२ तासांत प्रत्यक्ष पाहावा लागतो; ती वेळ टळली तर चाचणी सहसा नव्याने करावी लागते. त्यामुळे सुट्टीचा दिवस मध्ये येणार नाही अशा बेताने वार ठरवा आणि दुसऱ्या भेटीची वेळ त्याच दिवशी घेऊन ठेवा. त्या जागी पट्टी लावायची नसते. माझ्या मुलीला अंगावर काही उंच दिसले की ते खरवडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गार ओले फडके, एवढ्यावर आम्ही निभावले. खाजवून लाली आलीच तर हवालदिल होऊ नका, कारण लाली मोजत नाहीत. बोटाला टणक लागणारा भाग हाताच्या आडव्या दिशेने मोजतात.

दुसऱ्यांदा दवाखान्यात जाणेच त्याला असह्य असेल, तर रक्तावरच्या इग्रा चाचणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तिच्यात रक्त एकदाच देऊन भागते आणि बीसीजी लसीमुळे निकाल फसत नाही. मात्र शिरेतून रक्त घेताना हात अधिक वेळ धरावा लागतो.

चाचणी सकारात्मक आली म्हणजे रोग झाला असे नव्हे, संसर्ग झालेला असू शकतो. पुढे तपासणी व छातीचा एक्स-रे होतो. मुलगा बोलून सांगत नसेल तर खोकला, ताप, वजन न वाढणे, खेळताना लवकर बसून जाणे यांची तारीखवार नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवा. संपर्क अलीकडचा असेल तर नकारात्मक निकालानंतरही ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा चाचणी सांगितली जाऊ शकते, तेव्हा चमचा आणि पाचापर्यंतची मोजणी मोडीत काढू नका.