तुम्ही विचारलंत : वॉन्स्टेडचं घर गेलं कुठे?

प्रश्न : मुलाकडे लंडनला होते तेव्हा रोज वॉन्स्टेड पार्कात चालायला जायचे. तिथे पूर्वी प्रचंड मोठं घर होतं म्हणतात, पण दिसत काहीच नाही. आग लागली का युद्धात बॉम्ब पडला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आगही नाही आणि बॉम्बही नाही, धडधाकट उभं असलेलं घर कर्जापायी पाडलं आणि दगडाच्या भावात विकलं. बांधलं रिचर्ड चाइल्डने, 1715 च्या सुमारास काम सुरू झालं. पुढे 1805 मध्ये सगळी इस्टेट त्याची पणती कॅथरीन टिल्नी-लाँग हिच्याकडे आली, तेव्हा ती कोवळ्या वयाची होती आणि इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत मुलींपैकी एक, त्यामुळे मागण्या किती आल्या असतील बघा, पुढे राजा झालेल्या ड्यूक ऑफ क्लॅरेन्सनेही मागणी घातली होती. तिने निवडला विल्यम वेलस्ली-पोल. 1803 मध्ये आपल्याकडे असईला शिंद्यांच्या फौजेशी लढलेल्या आर्थर वेलस्लीचा हा सख्खा पुतण्या. 1812 मध्ये लग्न झालं आणि दहा वर्षांत त्याने कर्जाचा असा डोंगर केला की 1822 मध्ये देश सोडून पळाला. त्याच वर्षी घरातल्या सामानाचा लिलाव झाला, तो 32 दिवस चालला! मग घराचं बांधकाम साहित्य 10,000 पौंडांना गेलं आणि 1825 पर्यंत जागा मोकळी. कॅथरीन त्याच वर्षी वारली. मुलं बापाच्या ताब्यात द्यायला कोर्टाने नकार दिला, त्या काळात बापाचा हक्क असा डावलणं फार दुर्मीळ होतं, पण मला तरी या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट धड झालेली दिसते.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या लेक्चरला या घराचं नाव दोनदा आलं. पाडलेल्या घराला एवढं महत्त्व का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : कारण या घराचा वास्तुकार कॉलिन कॅम्पबेल, त्याने इथे जे केलं त्याची नंतर खूप नक्कल झाली. त्याआधीच्या मोठ्या बरोक घरांमध्ये हालचाल फार, भिंती पुढे-मागे, छतावर गर्दी. कॅम्पबेल इटलीचा जुना वास्तुकार पॅलेडिओ याला मानणारा, त्याने लांबलचक सरळ दर्शनी भाग ठेवला, जवळपास 260 फूट, खालचा मजला बुटका नि खडबडीत दगडाचा, मुख्य दालनं त्याच्या वरच्या मजल्यावर आणि बरोब्बर मध्ये सहा कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या) खांबांचा, जुन्या रोमन देवळासारखा पोर्टिको, म्हणजे दारापुढचा मंडप. बाहेरच्या जिन्याने चढून थेट त्या पोर्टिकोतच पोचायचं. देवळाचं तोंड राहत्या घराला एवढ्या मोठ्या मापात लावणं इंग्लंडमध्ये तेव्हा नवीनच होतं. कॅम्पबेलने याचे तीन आराखडे छापले, एकात वर घुमट होता, एकात कोपऱ्यांवर मनोरे, ते दोन्ही प्रत्यक्षात आले नाहीत आणि माझ्या मते बरंच झालं, त्या सरळ रेषेतच सगळी मजा होती. आतलं रंगकाम विल्यम केंटचं. आतली दालनं कशी होती ते हॉगार्थच्या एका चित्रात दिसतं, ते आता फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे.

प्रश्न : एवढा पैसा आला कुठून? आपल्याकडचा का?
– एक वाचक, माझगाव

उत्तर : बराचसा, हो. रिचर्डचा बाप जोसाया चाइल्ड, वॉन्स्टेडची इस्टेट त्यानेच 1673 मध्ये घेतली. आधी नौदलाला माल पुरवून कमावलं, मग ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर्स घेत घेत लंडनला कंपनीचा गव्हर्नर झाला. त्याच्याच आक्रमक धोरणातून 1686 मध्ये कंपनीने औरंगजेबाशी युद्ध ओढवून घेतलं. त्याची किंमत मोजली मुंबईने. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईत उतरला, शिवडी, माहीम आणि तुमचं माझगाव घेतलं आणि फोर्टला वेढा घालून बसला. शेवटी कंपनीने बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा 1690 मध्ये वेढा उठला. जोसायाच्या संपत्तीला मात्र धक्का लागला नाही, पोराने तिच्यावरच घर उभं केलं.

आणि ठाण्याच्या ताई, पुढच्या वेळी गेलात की बाजूच्या गोल्फ कोर्सकडे बघा, घर होतं तिथे आता मोठा खळगा आहे, जुन्या तबेल्यात क्लबहाउस आहे. पार्कात तळी, टेंपल (देवळाच्या धाटणीची बागेतली इमारत) आणि पडकी ग्रोटो, म्हणजे कृत्रिम गुहा, अजून आहे. मूळ घराचा अंदाज हवा असेल तर यॉर्कशरला वेंटवर्थ वुडहाउस बघून या, त्याची पूर्वेकडची बाजू वॉन्स्टेडवरूनच घेतलीय, ते शाबूत आहे आणि आत जाता येतं.