आधी पंखा, मग बाकीचं
अरे, घरातली विजेची उपकरणं दुरुस्त करायला शिकायचंय ना? मग पहिल्याच फटक्यात टीव्ही उघडायला जाऊ नकोस. पंखा घे. इंदूरच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी तो रडतखडत फिरत असतोच! बंद असताना हाताने मोकळा फिरतोय? मग बेअरिंग ठीक, संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटर फिरायला मदत करणाऱ्या, चार्ज साठवणाऱ्या छोट्या डबीवर. तो पंख्याच्या दांडीवरच्या कपात असतो. त्यावर 2.5 किंवा 3.15 मायक्रोफॅरड (कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायच्या क्षमतेचं माप) छापलेलं असतं. नवा त्याच आकड्याचा आण, जेल रोडला मिळेल. कपॅसिटन्स मोजणारा मल्टीमीटर मात्र घेच, तिथे चिक्कूपणा नको.

नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये तो कधीकधी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर असतो, मग तो बंद असूनही पंख्याच्या तारेत करंट राहतो. एमसीबी (बोर्डातला सर्किट तोडणारा खटका) पाड, टेस्टर लाव, जोडणीचा फोटो काढ, मगच तारा सोडव. आणि मायक्रोवेव्ह? अजिबात नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.