तुमचे प्रश्न : जुने खेळाडू, खऱ्या गोष्टी

गेल्या अंकात म्हटलं होतं की जुन्या खेळाडूंबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि प्रश्न इतके आले की सगळ्यांना इथे जागा देणं शक्यच नाही. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, की खेळाडू आपल्या लक्षात राहतो तो एखाद्या किश्श्यामुळे आणि तो किस्सा पुष्कळदा अर्धाच खरा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसांना मीठमसाला लावायची गरजच नाही, जे घडलं तेच इतकं मोठं आहे.

प्रश्न : ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक कोणाचं, खाशाबा जाधवांचं की नॉर्मन प्रिचर्डचं? आमच्या मित्रांमधे यावरून जाम वाद झालाय.

उत्तर : दोन्ही बाजूंकडे मुद्दा आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्डने 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमधे 200 मीटर आणि 200 मीटर हर्डल्स अशी दोन रौप्यपदकं मिळवली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावावर धरते. (हाच माणूस पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडमधे अभिनय करत होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) पण स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचंच, 1952, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट गट, ब्राँझ. त्यामुळे वाद मिटवायचा असेल तर 'स्वतंत्र' हा शब्द जोडा, प्रश्न संपला.

पण खाशाबांचं नाव निघालंच आहे तर पदकाच्या आधीचं थोडं सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा, वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे घरातच कुस्ती. 1948 ला लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली होती, आणि तोवर सगळी कुस्ती मातीतली. मातीत पाय रुततो, अंगाला माती लागलेली असते म्हणून पकड बसते, मॅटवर घाम आला की हात निसटतो आणि पाय टाकायची पद्धतच बदलावी लागते, वर आपल्याकडे चितपट झाली की कुस्ती निकाली, तिकडे प्रत्येक डावाचे गुण मोजतात. एवढं सगळं अंगवळणी नसताना फ्लायवेटमधे सहावा नंबर आला, आणि माझ्या मते तो सहावा नंबर पदकाच्या तोडीचाच आहे.

चार वर्षांनी परत पैशाचा प्रश्न उभा राहिला. लोकांकडून वर्गणी गोळा केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी चक्क स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्य, स्वतःचं घर, एका विद्यार्थ्यासाठी! हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. पुढे जपानचा इशी आणि सोव्हिएत युनियनचा मामेदबेकोव यांच्याशी गाठ पडली, त्या दोन कुस्त्यांच्या मधे नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती ती मिळाली नाही आणि तिथे भांडायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. इशीला सोनं, मामेदबेकोवला चांदी, खाशाबांना ब्राँझ. यानंतरचं वैयक्तिक पदक थेट 1996 ला, लिएंडर पेसचं. मधे 44 वर्षं गेली.

खाशाबा 1955 ला पोलिसात फौजदार म्हणून लागले, गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 चं ऑलिंपिक हुकलं, आणि 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजपर्यंत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

प्रश्न : मुरलीकांत पेटकरांनी म्युनिक ऑलिंपिकमधे गोल्ड जिंकलं असं वाचलं, मग शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव का नव्हतं?

उत्तर : म्युनिक नाही, हायडेलबर्ग. 1972 चं ऑलिंपिक म्युनिकला झालं, पण तिथलं खेळाडूंचं गाव नंतर खाजगी फ्लॅटसाठी द्यायचं ठरलेलं होतं, म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गला हलवलं. तिथे पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण मिळवलं, वेळ 37.33 सेकंद आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. माणूस मूळचा सैन्यातला बॉक्सर, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि मग खेळच बदलून टाकला. 1968 ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते टेबल टेनिस खेळायला! पुस्तकात नाव का नव्हतं म्हणाल, तर तेव्हा पॅरालिंपिककडे कोणाचं लक्षच नव्हतं, हे सरळ उत्तर आहे. पद्मश्री मिळाली 2018 मधे, म्हणजे 46 वर्षांनी.

प्रश्न : ध्यानचंद यांना हिटलरने जर्मनीच्या सैन्यात मोठी पोस्ट देऊ केली होती हे खरं का? आणि स्टिकमधे चुंबक आहे का म्हणून ती तोडून बघितली होती म्हणे?

उत्तर : दोन्ही गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि दोन्हींची त्या काळातली भरवशाची नोंद नाही. मी तरी त्या सांगत नाही, कारण खऱ्या गोष्टी त्याहून भारी आहेत. 1928 ला ॲम्स्टरडॅममधे भारताने पाच मॅचमधे 29 गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही, त्या 29 पैकी 14 एकट्या ध्यानचंदांचे.

1936 च्या बर्लिनचं तर बघा. स्पर्धेच्या आधी सरावाच्या मॅचमधे जर्मनीने भारताला 4-1 असं हरवलं होतं. आपल्या टीमला चांगलाच धक्का बसला, तातडीने भारतातून दारा या खेळाडूला बोलावून घेतलं. मग पावसामुळे फायनल एक दिवस पुढे गेली आणि 15 ऑगस्टला झाली (तेव्हा त्या तारखेला काही अर्थ नव्हता, पण आज वाचताना अंगावर काटा येतोच). हाफटाइमला फक्त 1-0, म्हणजे मॅच कुणाचीही होती. आणि शेवटी स्कोअर 8-1. तोच काय तो एक गोल भारतावर अख्ख्या स्पर्धेत झाला. सराव मॅच हरलेली टीम त्याच प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच घरात असं लोळवते, यात हिटलर आणायची गरजच काय?

जाता जाता, 1932 च्या 24-1 बद्दल पण एकाने विचारलंय. हो, अमेरिकेला 24-1 हरवलं, रूपसिंगचे 10 आणि ध्यानचंदांचे 8 गोल. पण लॉस एंजेलिसला हॉकीत टीमच तीन होत्या, भारत, जपान, अमेरिका. त्यामुळे 24 गोल खाऊन, जपानकडूनही हरून अमेरिकेला ब्राँझ मिळालं. विक्रम सांगताना हेही सांगावं, त्याने ध्यानचंद लहान होत नाहीत.

प्रश्न : मिल्खासिंग यांनी रोममधे मागे वळून बघितलं म्हणून मेडल गेलं, असं माझे बाबा नेहमी सांगतात. नक्की काय झालं होतं?

उत्तर : बाबांना सांगा की वळून बघणं हा गोष्टीतला फार छोटा भाग आहे. मिल्खासिंग स्वतः सांगायचे की पहिले 200-250 मीटर आपण फार जोरात गेलो, मग पूर्ण अंतर हाच वेग टिकणार नाही असं वाटून थोडा वेग कमी केला, आणि गेलेला वेग परत आणता आला नाही. 400 मीटरमधे प्रत्येकजण आपापल्या लेनमधे पळतो आणि वळणामुळे सुरुवातीच्या रेषा पुढे-मागे असतात, म्हणून खरोखर पुढे कोण आहे हे शेवटच्या सरळ भागात आल्यावरच कळतं. म्हणजे अर्धी शर्यत तुम्ही अंदाजावर पळता, आणि त्या अंदाजात जरा गडबड झाली की संपलं.

बरं, 1960 च्या रोम ऑलिंपिकमधली ती शर्यत कशी होती? ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमन दोघेही 44.9, जागतिक विक्रम. तिसरा दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स 45.5, चौथे मिल्खा 45.6. रोमच्या आधीचा ऑलिंपिक विक्रम 45.9 चा होता, म्हणजे चौथा आलेला माणूससुद्धा त्याच्या पुढे गेला होता! त्या धावेने झालेला भारताचा विक्रम 1998 पर्यंत टिकला, 38 वर्षं.

काही ठिकाणी त्यांची वेळ 45.6 दिसते आणि काही ठिकाणी 45.73, असंही एकीने विचारलंय. दोन्ही बरोबर. पहिली हातातल्या स्टॉपवॉचची, दुसरी इलेक्ट्रिक घड्याळाची. बंदुकीचा बार झाल्यावर बोट दाबायला माणसाला क्षणभर उशीर होतो, शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असतो म्हणून बोट वेळेवर पडतं, त्यामुळे हाताने मोजलेली वेळ थोडी कमी येते. जुने आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना आधी हे बघायचं.

आणि फक्त घड्याळच नाही. जेसी ओवेन्सने 1936 ला बर्लिनमधे 100 मीटर 10.3 सेकंदात मारलं ते कोळशाच्या बारीक राखेच्या ट्रॅकवर, स्टार्टिंग ब्लॉक नाहीत, पाय रोवायला खेळाडू छोट्या खुरप्यासारख्या हत्याराने स्वतःच खड्डे खणायचे. आज शाळेतली पोरंसुद्धा सिंथेटिक ट्रॅकवर ब्लॉक लावून पळतात, त्यामुळे "ओवेन्स आजच्या फायनलला पोचला असता का" हा प्रश्नच मला पटत नाही. त्याच्या काळात त्याच्याजवळ कोण होतं ते विचारा. 25 मे 1935 ला ॲन आर्बरमधे, पाठ दुखत असताना, 45 मिनिटांत त्याने एका जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि तीन नवे केले. त्यातली 8.13 मीटरची लांब उडी, जी त्याने त्या दिवशी एकदाच मारली, ती 25 वर्षं कोणाला मोडता आली नाही.

प्रश्न : मी कॉलेजमधे ॲथलेटिक्स करायचे. आता दोन मुलं आहेत, तिशी आलीये, परत सुरुवात केली तर सगळे म्हणतात आता कशाला. जुन्या काळात अशी कोणी होती का?

उत्तर : होती ना ताई, आणि कशी! नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कून. अठरा वर्षांची असताना 1936 ला बर्लिनला गेली, पदक मिळालं नाही, जेसी ओवेन्सची सही मात्र घेऊन आली. मग युद्ध आलं, 1940 आणि 1944 ची दोन्ही ऑलिंपिक रद्द, म्हणजे खेळाडूची सगळ्यात भरातली वर्षं गेलीच. 1948 ला लंडनला आली तेव्हा वय 30, घरी दोन मुलं, आणि पेपरवाले लिहीत होते की हिचं वय झालं, मुलं सांभाळावीत. त्या बाईने 100 मीटर, 80 मीटर हर्डल्स, 200 मीटर आणि रिले अशी चार सुवर्णपदकं घेतली. महिलांना तेव्हा ॲथलेटिक्सच्या एकूण नऊच स्पर्धा होत्या, त्यातल्या चार एकटीच्या नावावर.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उंच उडी आणि लांब उडीचे जागतिक विक्रमही तेव्हा तिच्याच नावावर होते, पण एका बाईला तीनच वैयक्तिक स्पर्धा खेळायची परवानगी होती म्हणून त्या सोडाव्या लागल्या. दुसरी, ती काही लोखंडाची नव्हती. दोन सुवर्ण मिळाल्यावर 200 च्या सेमीफायनलआधी ती रडत होती, घरी जायचंय म्हणत होती, नवरा यान हाच तिचा कोच, त्याने समजूत काढली. मग ती मैदानात गेली आणि फायनल तब्बल 0.7 सेकंदांच्या फरकाने जिंकली, 200 मीटरमधे हे अंतर केवढं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा सुरू करा, हळूहळू वाढवा, आणि आता कशाला म्हणणाऱ्यांना फॅनीचं नाव सांगा.

प्रश्न : रणजीमधे 443 नाबाद करूनही भाऊसाहेब निंबाळकर इंडियाकडून का खेळले नाहीत? आणि ती मॅच अर्धवट का थांबली?

उत्तर : हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड 238 ला ऑलआउट. मग निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटला 455 ची पार्टनरशिप केली, भांडारकर 205 वर गेले, निंबाळकर खेळतच राहिले. ब्रेक झाला तेव्हा महाराष्ट्र 4 बाद 826 आणि निंबाळकर 443. तेव्हाचा फर्स्ट क्लास क्रिकेटचा जागतिक विक्रम होता ब्रॅडमनच्या नाबाद 452 चा. अजून फक्त दहा रन्स पाहिजे होते, एक-दोन ओव्हरचं काम.

पण काठियावाडचे कॅप्टन होते राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणजे तिथले संस्थानिक, त्यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. आपल्या टीमविरुद्ध असा विक्रम झाला तर नाव खराब होईल असं त्यांचं म्हणणं, विनंती करूनही ऐकलं नाही, मॅच सोडून दिली आणि टीम गेली. अशा खेळीच्या वेळी समोरच्याने मैदान सोडावं हे मला आजही सहन होत नाही. नंतर 1959 ला हनीफ मोहम्मद 499 वर रनआउट झाला, 1994 ला लारा नाबाद 501 पर्यंत गेला, पण भारतीयाने फर्स्ट क्लासमधे केलेल्या चारशेच्या वरच्या धावा आजही एकदाच आहेत, निंबाळकरांच्या.

आता टेस्टचं. त्या हिवाळ्यात वेस्ट इंडिजची टीम भारतातच होती, मुंबईची टेस्ट 13 डिसेंबरला संपली आणि कलकत्त्याची 31 डिसेंबरला सुरू झाली. 443 ची खेळी बरोबर या दोघांच्या मधली. तरी बोलावणं आलं नाही, ना त्या सिरीजमधे ना नंतर कधी. हजारे, मोदी, अमरनाथ अशी मंडळी बॅटिंगला होती, जागा कमी होत्या, हे मान्य. पण करिअरमधे 47 च्या वर सरासरी असलेल्या माणसाला एकही टेस्ट मिळू नये याला मी तरी निवड समितीची चूकच म्हणतो. 2012 च्या डिसेंबरमधे, 93 वा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना ते गेले. टेस्ट न खेळलेल्या खेळाडूची फर्स्ट क्लासमधली सगळ्यात मोठी खेळी अजून त्यांचीच आहे.