'आब्लारा' म्हणजे 'बोलावं' की 'बोललो असतो'?

इंदूरच्या एका स्पॅनिश शिकणाऱ्या ताईंनी विचारलंय: "'आईला वाटतं मी बोलावं' यात 'आब्ले' येतं आणि 'आईला वाटायचं मी बोलावं' यात 'आब्लारा'. मराठीत दोन्हीकडे 'बोलावं'च आहे, मग इथे रूप का बदलतं? आणि 'सी' म्हणजे 'जर' आला की पुन्हा हेच 'आब्लारा' कसं?"

प्रश्न फार नेमका आहे. शाळेत आपण विध्यर्थ आणि संकेतार्थ वेगवेगळे शिकलो: 'बोलावं' एकीकडे, 'बोललो असतो तर' दुसरीकडे. स्पॅनिशमध्ये या दोन्ही जागी एकच रूप चालतं. शिवाय मराठी विध्यर्थाला मुख्य क्रियापदाच्या काळाचं काही देणंघेणं नसतं. 'वाटतं', 'वाटायचं', 'वाटेल', काहीही आलं तरी 'बोलावं' जागचं हलत नाही. आपल्याकडची हिंदीही तशीच: 'चाहती है कि बोले', 'चाहती थी कि बोले'. स्पॅनिशमध्ये मात्र मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागचंही जातं:

मी माद्रे किएरे के यो आब्ले मराठी एन कासा. (मी घरात मराठी बोलावं असं आईला वाटतं.)
मी माद्रे केरीआ के यो आब्लारा मराठी एन कासा. (...असं आईला वाटायचं.)

इथला 'यो' म्हणजे 'मी' गाळू नका. 'मी' आणि 'तो/ती' यांचं रूप एकच असल्यामुळे नेमकं कोणी बोलावं ते 'यो'शिवाय कळत नाही.

रूप करायला सोपं आहे. साध्या भूतकाळातलं 'ते' या कर्त्याचं रूप घ्या: आब्लारोन (बोलले), कोमिएरोन (खाल्लं), बिबिएरोन (राहिले). शेवटचं 'रोन' काढा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा. आब्लारा, कोमिएरा, बिबिएरा तयार. अनियमित क्रियापदांनाही हाच नियम लागतो आणि त्याला एकही अपवाद नाही. म्हणून भूतकाळाचं ते एक रूप पक्कं करण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

उच्चाराकडे मात्र कान ठेवा. जोर 'ब्ला'वर असेल तर आपलं हे रूप. तोच जोर शेवटच्या 'रा'वर गेला की 'तो बोलेल' असा भविष्यकाळ होतो. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. स्पॅनिश लिपीत भविष्यकाळाच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. 'आम्ही'च्या रूपात उलट आपल्याच रूपाला रेघ लागते: आब्लारामोसमध्ये 'ब्ला'च्या स्वरावर.

आता 'सी'. मराठी माणूस खरा अडखळतो तो इथे. 'मी इंदूरला राहत असतो तर रोज पोहे खाल्ले असते' यात 'असतो-असते' ही जोडी दोन्ही अंगांना आहे. हिंदीतही 'रहता तो खाता', दोन्हीकडे सारखंच. म्हणून आपण स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे एकच रूप ठोकून देतो. पण प्रमाण स्पॅनिशमध्ये दोन अंगांना दोन रूपं लागतात:

सी बिबिएरा एन इंदोर, कोमेरीआ पोहे तोदोस लोस दीआस.

'जर'च्या बाजूला बिबिएरा, 'तर'च्या बाजूला कोमेरीआ. 'सी'नंतर 'बिबिरीआ' (म्हणजे 'कोमेरीआ'सारखं 'तर'च्या बाजूचं रूप) लिहिलंत की गुण गेलेच. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रांतात आणि आजूबाजूला लोक सर्रास तसं बोलतात, त्यामुळे कानावर पडलं तर दचकू नका, पण परीक्षेत लिहू नका.

अट गेलेल्या काळातली असेल, म्हणजे 'राहिलो असतो तर', तर नुसतं बिबिएरा पुरत नाही. तिथे 'उबिएरा बिबिदो' हवं. आणि गंमत अशी की तिथे 'उबिएरा' दोन्ही अंगांना चालतं, अगदी आपल्या 'असतो-असते'सारखं: सी उबिएरा बिबिदो एन इंदोर, उबिएरा कोमिदो पोहे. मला तर वाटतं मराठी माणसाने सुरुवात याच वाक्यापासून करावी. साचा ओळखीचा असतो, भीती जाते.

पुस्तकांत 'आब्लासे, कोमिएसे' अशीही रूपं दिसतील. अर्थ तोच. 'रा'वालं रूप लॅटिनच्या 'बोलला होता' या अर्थाच्या साध्या विधानाच्या रूपातून आलं, 'से'वालं लॅटिनच्या तशाच भूतकाळी इच्छार्थी रूपातून, आणि दोन्ही एकाच जागी येऊन बसली. बोलताना 'रा'च जास्त ऐकू येतं. तुम्ही तेच वापरा, 'से' वाचताना ओळखता आलं की झालं.