वाचक विचारतात : घरच्या ध्वनिसंचाची निवड आणि मांडणी

प्रश्न : आमचा हॉल 10 फूट बाय 12 फूट आहे. घरात शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकले जाते, चित्रपट क्वचितच पाहिले जातात. दुकानदार मात्र पाच स्पीकर आणि सबवूफर असलेला, हजार वॉटचा होम थिएटर संच घ्या म्हणतो. आम्ही काय घ्यावे आणि ते कुठे ठेवावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपण दोन स्पीकरांचा स्टिरिओ संचच घ्यावा. आपण ऐकता ते गाणे दोन चॅनेलसाठी, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वेगळ्या आवाजांसाठी, आणि जुने असेल तर एकाच चॅनेलसाठी, ध्वनिमुद्रित झालेले असते. तेच पैसे सहा डब्यांत वाटले गेले की त्यातला एकही डबा धड मिळत नाही. एकूण रकमेचा निम्मा भाग तरी स्पीकरांवर खर्च करावा, कारण दोन बऱ्या ॲम्प्लिफायरांतला फरक कान देऊन शोधावा लागतो, तर दोन स्पीकरांतला फरक पहिल्या आलापातच कळतो.

वॉटच्या आकड्याने दिपून जाऊ नये. खोक्यावर ठळक छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा निरर्थक असतो; आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे, वॉट किती, एवढेच विचारावे. वॉट दुप्पट झाले की आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॉट लागतात. एका वॉटला एक मीटरवर 87 डेसिबल देणारा स्पीकर आपल्या हॉलमध्ये घरगुती आवाजात वाजताना एखादा वॉटच घेत असतो, त्यामुळे दर चॅनेलला 40 ते 50 आरएमएस वॉट असले की तबल्याच्या जोरकस थापेलाही पुरून उरतात.

मोठ्या वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या पडद्याचा, मोहही टाळावा. 12 फुटांच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झचा आणि 10 फुटांच्या रुंदीत सुमारे 56 हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि लहान खोलीत डग्गा घुमतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. पाच-साडेपाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर साधारण 60 हर्ट्झपर्यंतच उतरतात, म्हणजे हे अडकणारे सूर ते फारसे काढत नाहीत. काळी एक पट्टीत गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, 69 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तोही त्यांच्या आवाक्यात आहे.

नाव बुकशेल्फ असले तरी ते शोकेसच्या कप्प्यात कोंबू नयेत. 10 फुटांच्या भिंतीपुढे, मागून दीड-दोन फूट जागा सोडून, एकमेकांपासून सहा फुटांवर ते स्टँडवर ठेवावेत आणि तेवढ्याच अंतरावर, समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला आपण बसावे. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा पडदा, आपण बसल्यावर कानाच्या उंचीवर यावा. सोफ्याऐवजी गादीवर बैठक असेल, तर स्टँड त्या मानाने ठेंगणा हवा. श्रोत्याने पाठ भिंतीला टेकवून बसू नये, कारण तिथे खालचे सूर सर्वाधिक फुगतात.

यानंतरचे काम कानाने करायचे आहे, आणि माझ्या मते संच मांडण्यातला सर्वांत आनंदाचा भाग तोच आहे. पुरुष गायकाच्या विलंबित ख्यालाची सुरुवात लावावी आणि फक्त तानपुरा ऐकावा. जोडाच्या दोन तारांनंतर येणारा खर्ज त्यांच्यापेक्षा फुगून येत असेल, तर स्पीकर भिंतीपासून चार-चार बोटे पुढे ओढत जावे. तो पोकळ वाटू लागला तर थोडे मागे न्यावे. खर्ज इतर तारांच्या बरोबरीने येऊ लागला, जवारी, म्हणजे तारांचा झंकार, मोकळी झाली आणि गायक दोन डब्यांत न वाटला जाता मधोमध बसलेला जाणवला, की जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी. गुळगुळीत फरशीवर स्पीकर आणि आपण यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरली, तर आवाजाचा कर्कशपणा चटकन कमी होतो.

प्रश्न : वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर नव्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला (इतर उपकरणांसाठीच्या सॉकेटला) जोडला, पण आवाज अगदी क्षीण आणि पातळ येतो, शिवाय सतत घरघर ऐकू येते. त्याच सुईवर 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) जुन्या रेकॉर्ड वाजवता येतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लक्षणांवरून आपल्या प्लेअरचे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, चुंबकीय आहे. त्यातून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात, तर ऑक्सला सीडी प्लेअरसारखे सुमारे 2 व्होल्ट अपेक्षित असतात. शिवाय एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, आणि वाजवताना ते पूर्ववत करण्याचे काम फोनो प्रीॲम्प करतो. ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ असे स्वतंत्र सॉकेट नसेल, तर हा छोटा प्रीॲम्प वेगळा घ्यावा लागेल. प्लेअरमागून निघणारी बारीक अर्थची वायर प्रीॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला घट्ट बसवली, की घरघर बहुधा थांबते.

त्याच सुईवर 78 ची रेकॉर्ड कृपया वाजवू नका. तिची खाच एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद असते, त्यामुळे एलपीची सुई तळाला घासत जाते आणि सूरापेक्षा खरखरच अधिक उचलते. तिच्यासाठी 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी घ्यावी. कोकणातल्या पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी धरतेच. एलपी डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावी. 78 ची लाखेची रेकॉर्ड पुसताना मात्र अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण वापरू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि त्या खाचांतले गाणे पुन्हा मिळत नाही.

प्रश्न : स्पीकरची महागडी वायर घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गरज नाही. पंधरा-वीस फुटांपर्यंत तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची साधी वायर पुरेशी आहे. जोडताना दोन्ही स्पीकरांचे लाल टोक लालला आणि काळे काळ्याला गेले आहे ना, हे पाहावे. एकच स्पीकर उलटा जोडला गेला तर डग्गा नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज खोलीभर विखुरतो.