आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातले. मुलीला लातूरला खोली करून दिली, दोनदा ‘नीट’ परीक्षा झाली. आधी 398, मग 421. यंदा तिसऱ्यांदा बसवायचंय. पण ती शेळ्यांचे व्हिडिओ काढून कसला प्रोग्रॅम लिहीत बसते. एक शेळी चौकटीत धरायची म्हणे. शेळी लिंबामागं गेली की चौकट खोडाला चिकटते, त्यावर रात्र घालवते. सीसीटीव्ही बसवायला शिकवलं का तिला? लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवलाय. बारावीला गणितही होतं. पाहुण्यांना काय सांगू?

उत्तर : मार्कांचं नंतर बघू. मला त्या कुलपाची काळजी वाटते. अख्ख्या पत्रात तिला डॉक्टर व्हायचंय असं एकदाही आलेलं नाही; ‘बसवायचंय’ तेवढं आलं. तिला विचारलंत का? तिसरं वर्ष तिचं जाणार आहे. पाहुणे लग्नकार्यात एकदा विचारतील आणि जेवून जातील. त्यांच्यासाठी लेकीचं वर्ष घालवू नका.

आता सीसीटीव्हीचं. कॅमेरा बसवला की तो चित्र साठवतो. त्या चित्रातली नेमकी एक शेळी ओळखत राहणं हे वेगळंच शास्त्र आहे. प्रोग्रॅमला पहिल्या चित्रात शेळी दाखवतात, पुढं ती वळते, सावलीत जाते, तिचं दिसणं बदलतं. म्हणून प्रोग्रॅमला प्रत्येक चित्रातून तिचं नवं रूप शिकावं लागतं. त्यातच धोका आहे. शेळी लिंबामागं गेली तरी शिकणं चालूच राहिलं, तर तो खोडालाच शेळी समजू लागतो. तुमच्या लेकीची चौकट तिथंच अडकली आहे. 2010 साली आलेल्या ‘मॉसे’ पद्धतीत यावर उपाय होता : खात्री घसरली की शिकणं थांबवायचं, शेळी पुन्हा दिसली की सुरू करायचं. शिवाय उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच, नुसत्या रंगावर भागत नाही. यामागं सगळं गणित आहे आणि पोरगी शिकवणीशिवाय त्यात उतरली आहे.

तिची इच्छा असेल तर अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीचा गणिताचा, म्हणजे पीसीएम गट द्यावा. नांदेडचं एसजीजीएस, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अशी अभियांत्रिकी कॉलेजं आपल्याच भागात आहेत. लाखभर फी घेऊन तीन महिन्यांत ‘एआय’ शिकवणाऱ्यांकडं मात्र जाऊ नका. आणि तिनं स्वतःहून ‘नीट’च म्हटलं, तर तेही ऐका.

लॅपटॉप आजच द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, लिंबामागची शेळी सापडली का तेही तिनंच कळवावं.